परातीतला तिरंगा

देशाची माझ्यावर एवढी मदार आहे, हे मला गेल्या फाल्गुनापर्यंत माहीत नव्हतं. टीव्हीनं सांगितलं म्हणून कळलं. चहाच्या जाहिरातीत एक जवान बर्फात उभा राहून कपातली वाफ बघतो आणि मागून धीरगंभीर आवाज येतो, की वेळ कठीण आहे, पण हा देश जागा आहे. म्हणजे मी तो चहा घेतला नाही, तर देशाला डुलकी लागणार. रंगाच्या जाहिरातीत आख्खी आळी एकमेकांच्या भिंती रंगवते आणि शेवटी सगळे एकदम आभाळाकडं बघतात. वर काय असतं ते दाखवत नाहीत. बनियनच्या जाहिरातीत एक पैलवान छातीवर हात ठेवून "झुकणार नाही" म्हणतो. झुकला तर बनियन वर सरकत असेल, असा माझा अंदाज.

ही सगळी मंडळी रोज संध्याकाळी आमच्या घरी यायची आणि समोर सोफ्यावर आमचे हे बसलेले असायचे. हे म्हणजे नरहरी पडळघरे, पिरंगुटच्या बाजूला एका कंपनीत स्टोअरला बावीस वर्षं. कंपनीनं एक शिफ्ट बंद केली आणि ह्यांना 'पुढील सूचना मिळेपर्यंत' घरी बसवलं. ह्यांनी गावात सांगितलं, "रजेवर आहे. साठल्या होत्या."

आता माणसाच्या रजा साठून साठून किती साठतील? तिसऱ्या महिन्यात गोजराबाईंनी ओटीवर येऊन विचारलंच. ह्या माझ्या चुलतसासूबाई. भिंतीला भिंत लावून राहतात. वय ऐंशीच्या पुढं, कान तिखट आणि जीभ त्याहून.

"नरहरी, बाळंतपनाची रजा घेतलीस काय रं?"

 हे त्याच आठवड्यात जाऊन एक कुकर घेऊन आले. त्या कुकरचं नाव 'स्वाभिमान'. जाहिरातीत एक बाप त्याचं झाकण उघडतो आणि तीन रंगांची वाफ निघते. आमच्याकडं साधीच निघाली, पण शिट्टी मात्र खणखणीत होती. घरात आधीचे दोन कुकर होते.  ज्या माणसाला एका कागदावर 'सध्या तुमची गरज नाही' असं लिहून दिलं, त्याला दर दहा मिनिटांनी कुणीतरी सांगत होतं, की देश तुमच्या खांद्यावर उभा आहे. कुकरवर भागलं, हेच नशीब. मोटारीची जाहिरात त्याहून हृदयस्पर्शी होती.

माझं दुखणं वेगळं होतं. आमचा अकरा बायकांचा गट इंद्रायणी तांदूळ करून विकतो. दरवर्षी सूसचा एक दुकानदार सगळा उचलायचा. ह्या वर्षी त्यानं निम्मी पोती परत पाठवली. म्हणाला, सोसायट्यांतली नवीन माणसं म्हणतात हा भात चिकटतो, आणि जुनी म्हणतात सध्या हात आखडलेला आहे. पोती आमच्या ओटीवर आली, थप्पी लागली. पावसाळी हवा लागायच्या आत ती हलली नाहीत, तर तांदळात किडे होणार आणि गट मोडणार. बायका रोज जाता-येता थप्पीकडं बघायच्या आणि मग माझ्याकडं. पुढाकार मी घेतला होता ना!

अशातच एका संध्याकाळी तो पैलवान पुन्हा म्हणाला, झुकणार नाही. मी मनात म्हटलं, बनियन जर देश उभा करू शकतं, तर माझा तांदूळ का नाही? तांदळानं निदान देशाचं पोट तरी भरतं.

झालं. जाहिरात करायची ठरली.

आमच्या भागात केबल बाबालालभाईंची. त्यांच्या स्वतःच्या वाहिनीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, सप्त्यातली भजनं आणि हरवलेल्या म्हशी दाखवतात. ते म्हणाले, "वहिनी, धा दिवस सातच्या ठोक्याला तुमची जागा. पैशाचं नाव काढू नका. एक पोतं घरी टाका, आमच्या मंडळींना, साबेराला, ह्योच तांदूळ लागतोय." त्यांची मुलगी सायमा लग्नांचं चित्रीकरण करते, कॅमेरा तिचा. पण सायमा म्हणाली, "काकू, मला हळद आणि पाठवणी जमते. जाहिरातीला आयडियावाला लागतो."

आयडियावाला बावधनहून आला. इंद्रजित त्याचं नाव. पुण्यातल्या मोठ्या जाहिरात कंपनीत होता, सध्या 'ब्रेक'वर होता. ह्यांची रजा आणि त्याचा ब्रेक एकमेकांकडं बघून ओळखीचं हसले, असं मला वाटलं. त्याच्या डोक्यावर केसांचा बुचडा होता.

"ह्याला आंबाडा कुनी घालून दिला?" गोजराबाईंनी विचारलं.

इंद्रजितनं मनावर घेतलं नाही. मोठ्या कंपनीत सवय झाली असेल. तो मला म्हणाला, "काकू, प्रॉडक्ट कधी विकायचं नसतं, फीलिंग विकायचं. आत्ता लोकांचे खिसे टाइट आहेत. खर्च करताना त्यांना गिल्ट येतं. त्यावर थोडा देश लावला, की खर्च हा खर्च वाटत नाही, त्याग वाटतो. सिंपल."

मला स्वयंपाकघरातला तो नवा कुकर आठवला. ओटीवर बसलेल्या ह्यांच्याकडं मला बघवेना. पण थप्पी समोर होती. म्हटलं, लाव बाबा थोडा देश.

आधी ठरलं, की भात वरून पडताना दाखवायचा, शीत न् शीत मोकळं, अगदी संथ. मी भात केला, सायमानं कॅमेरा लावला, मी भांडं तिरकं केलं. काहीच पडेना. इंद्रजित म्हणाला, अजून. मी अजून तिरकं केलं. मग सगळा भात एकदम, भांड्याचा आकार घेऊन, ताटात पडला. धप्प. शेजारच्या गोठ्यातली म्हैस हंबरली.

दुसऱ्या वेळी तेल घातलं. तिसऱ्या वेळी शीतं पाण्यानं धुतली. चौथ्या वेळी टेबलफॅन लावला. दर वेळी धप्प. तोवर आळीतली माणसं जमली होती, आणि जमलेली माणसं गप्प कशी राहतील? एकीनं सांगितलं लिंबू पिळा, एकीनं सांगितलं शीतं सुटी करून दोऱ्यानं बांधा. इंद्रजितनं हळूच विचारलं, "काकू, बासमती आहे का घरात? कॅमेऱ्यात कळत नाही."

माझ्या ओटीवर, इंद्रायणीच्या थप्पीसमोर, मुळशीच्या मातीत उभं राहून त्यानं हे विचारलं. मी म्हटलं, "बाळा, आमचा भात चिकटतो. म्हणून तर हातानं खाताना घास होतो त्याचा. मोकळा भात बोटांतून पळतो." तो म्हणाला, "वाव, काकू." पण ऐकलं काही नाही.

मग त्यानं दुसरी आयडिया काढली. मोठ्या परातीत तीन रंगांचा भात. वर गाजराच्या रसातला केशरी, मधे पांढरा, खाली पालकाचा हिरवा. मधोमध निळं चक्र. त्यावर मी पहिला घास घेणार आणि आवाज येणार, 'देशाचा घास'. मला कबूल केलं पाहिजे, अंगावर काटा आला. आपण तिघाचौघांत बोलताना हुशार असतो, पण असं काही ऐकलं की अंग आपलं ऐकत नाही.

भात रचायला दोन तास गेले. चक्रासाठी कुंपणावरच्या गोकर्णाच्या पाकळ्या आणल्या. आणि देशाचं काम म्हटल्यावर गेणबा आबांना बोलावणं आलंच. आबा आमच्या भावकीतले, निवृत्त हवालदार. मिशा अजून नोकरीत. ते कडक गणवेशात, पदकं लावून आले आणि आधी चक्राच्या आऱ्या मोजल्या.

"एकोनीस हायेत. चोवीस पायजेत."

पुन्हा कुंपण, पुन्हा पाकळ्या. चोवीस झाल्या. आबा परातीसमोर आले. टाच आपटली, छाती बाहेर काढली आणि परातीला असा सलाम ठोकला, की आख्खी ओटी आपोआप उभी राहिली. गोजराबाईंनीसुद्धा पदर सावरला.

"सुपर्ब!" इंद्रजित म्हणाला. "आता काकू, पहिला घास घ्या."

मी हात पुढं केला.

"खबरदार!" आबा गरजले. "ज्याला सलाम केला त्याला बोट लावायचं न्हाई."

"अवो आबा, भात हाय त्यो," सायमा म्हणाली.

"सलाम करायच्या आदी भात व्हता. आता झेंडा हाय. झेंडा उष्टा करतीया व्हय?"

 आम्ही सगळ्यांनी उभं राहून आमचं मत आधीच दिलं होतं.

परात ओटीवर ठेवायची सोय राहिली नाही, तिथं पाय लागतात. फ्रीजवर ठेवली. मग प्रश्न आला की परात गोल, केशरी वर आहे हे कसं ठरवायचं? आबांनी ती भिंतीकडं केशरी करून लावली. खाली कुणी पाय पसरून बसायचं नाही, फ्रीजचं दार आपटायचं नाही. माझ्या घरात मी फ्रीजमधून दूध काढायला चोरासारखी गेले. बाहेर सल्ल्यांना ऊत आला होता. नदीत सोडा, एक म्हणाला. "झेंडा बुडवतोस व्हय रं?" आबांनी विचारलं. गाईला घाला. पुरा. मांजरीला नुसतं बघून आबांनी काठी उचलली. बाहेर चैत्रातलं ऊन. भात संध्याकाळपर्यंत आंबणार, हे मला दिसत होतं. आंबलेला तिरंगा माझ्या घरात! आणि सातला जाहिरात लागायची होती.

शेवटी ठरलं, सरकारलाच विचारू. सायमा आणि गोजराबाईंना पहाऱ्याला ठेवून मी, हे आणि आबा वडापच्या जीपनं तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अशी शांतता माणसाला फक्त खूप वर्षांच्या सरकारी नोकरीनं येते.

"पहिली गोष्ट, ध्वज जाहिरातीसाठी वापरता येत नाही," तो म्हणाला.

"वापरला नाही. अडकलोय," मी म्हटलं.

"मग अर्ज करा."

अर्जाचा विषय त्यानंच सांगितला: 'भातस्वरूप ध्वजाच्या सन्मानपूर्वक विनियोगाबाबत.' हे लिहायला बसले. अक्षर ह्यांचं छान आहे, बावीस वर्षं स्टोअरच्या नोंदी. नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय लिहिलं. 'व्यवसाय' ह्या रकान्यापाशी पेन थांबलं. थोडा वेळ ते कागदावर नुसतं टेकलेलं होतं, त्याचा निळा ठिपका मोठा होत गेला. मग ह्यांनी लिहिलं, 'नोकरी'.

"कुठं?" कारकुनानं विचारलं. "ओळखपत्र दाखवा."

"घरी राहिलं."

ओळखपत्र कंपनीनं पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं की मला माहीत आहे, आणि आम्ही दोघं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत बसलो.

कारकुनानं एक जाड पुस्तक काढलं, पानं उलटली. "खराब झालेला ध्वज खासगी जागेत, शक्यतो जाळून, सन्मानानं नष्ट करावा."

"जाळून?" आबा पहिल्यांदाच चाचरले. "म्हंजी भात जाळायचा?"

आबांचं आयुष्य छावणीत गेलं, पण जन्म शेतकऱ्याच्या घरात. त्यांच्या आईनं त्यांना सांडलेलं शीत उचलून खायला शिकवलेलं. झेंडा खायचा नाही आणि अन्न जाळायचं नाही, ह्या दोन शपथांच्या मधोमध आबा त्या कचेरीतल्या बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर घेतली, आणि पदकांसकट लहान पोरासारखे दिसायला लागले.

कारकुनानं अर्जावर आवक क्रमांक घातला. पंधरा दिवसांत कळवतो म्हणाला.

आम्ही परत आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. परात फ्रीजवर नव्हती. ओटीवर होती, आणि तिच्यासमोर गोजराबाई मांडी घालून बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भातात. केशरी, पांढरा, हिरवा, सगळा त्यांनी दही घालून खालून वर कालवला होता. गोकर्णाच्या पाकळ्या बाजूला वेचून ठेवल्या होत्या.

आबा ओरडले, "नानी! काय केलं ह्ये?"

"काय केलं? आंबाया लागला व्हता. कालवला." त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "कुटाय तुजा झेंडा? दाव बरं हितं."

आबांनी वाकून बघितलं. खरंच कुठं नव्हता.

"तुजा झेंडा साळंच्या खांबावर हाय. तितं जा, कडाक सलाम कर. ह्ये आन्न हाय. आता पान घे न्हाईतर बाजूला हो, लोकं उपाशी हायेत."

 आबांनी छातीवरची पदकं एकेक काढली, रुमालात बांधली, खिशात ठेवली आणि पंगतीत येऊन बसले. आम्हीही बसलो. सकाळपासून त्या भाताचा वास घेत सगळ्यांनी उपास काढला होता. घास होत होता, मोडत नव्हता. आबांनी दोनदा मागून घेतला. मिशीला शीत लागलं तेही त्यांनी पडू दिलं नाही.

"एकता!" इंद्रजित तोंडात घास घेऊन उठला. "तीन रंग, एक परात! काय व्हिज्युअल आहे! सायमा, घेतलंस ना?"

"न्हाई," सायमा म्हणाली. "जेवत व्हते."

"आरं गप जेव की आंबाड्या," गोजराबाई म्हणाल्या. तो खाली बसला. मी त्याला आणखी वाढलं. त्यानं ज्या तऱ्हेनं भात खाल्ला, त्यावरून त्याचाही ब्रेक बराच लांबला असावा.

सहा वाजले. आता हिशेब असा, की आबांचा सलाम दाखवता येत नाही, परात संपली, आणि हातात उरलं होतं फक्त भात धप्प पडताना. सायमानं ते टीव्हीला जोडून दाखवलं. एकामागून एक चारदा धप्प. अकराही बायका जमल्या होत्या. कुणी हसलं, मग कुणी हसलं नाही. एकजण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वैनी. आपन पोती वाटून घेऊ आपसात."  गट मोडणं म्हणजे दुसरं काय असतं? 

तेव्हा हे बोलले. "हेच लाव. मी बोलतो त्याच्यावर."

"काय बोलणार, काका?" इंद्रजितनं विचारलं. "स्क्रिप्ट?"

"स्टोअरला माल जसा असेल तसा लिहितात. वाढवून लिहिला तर पुढं तपासणीत सापडतो."

सायमानं ध्वनिमुद्रणाची कळ दाबली. हे उभे राहिले. "नमस्कार, मी नरहरी पडळघरे," एवढं म्हणाले आणि आवाज गेला. आख्खी आळी समोर. ह्यांनी पाणी मागितलं नाही, मीही दिलं नाही. हलले असते तर मोडले असते. मग ह्यांनी घसा खाकरला.

"नमस्कार. मी नरहरी पडळघरे. मी रजेवर नाही. कंपनीनं तीन महिन्यांपूर्वी घरी बसवलंय. हा तांदूळ माझ्या बायकोच्या गटाचा आहे, अकराजणींचा. शिजला की चिकटतो, हे आत्ता तुम्ही बघितलं. मोकळा भात पाहिजे असेल तर दुसरा घ्या. वास बघायचा असेल तर घरी या, शिजवून दाखवू. तुम्ही घेतला तर देशाचं काय होईल मला सांगता येत नाही. आमचं बरं होईल."

खाली माझा फोन नंबर. सातच्या ठोक्याला, सप्त्यातलं भजन आणि एका हरवलेल्या म्हशीच्या मधोमध, ते लागलं. गोजराबाई पुढं सरकून बसल्या. संपल्यावर म्हणाल्या, "एवढं तर मला तवाच सांगायचं व्हतंस. उगा बाळंतपनाचं काडलं मी." मग पुढं झाल्या आणि ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मी बावीस वर्षं ह्यांचा डबा भरला. महागाईभत्ता वाढला तेव्हा पेढे वाटले, उत्तम कामगार म्हणून घड्याळ मिळालं तेव्हा ते भिंतीवर लावलं. पण त्या संध्याकाळी मला जेवढा अभिमान वाटला, त्याला टांगायला भिंतीवर जागा नव्हती. मी उठून विनाकारण कणीक मळली.

पहिला फोन साडेसातला. बावधनच्या एक बाई. "चिकट म्हणजे नक्की किती?" हे म्हणाले, "ताई, ताट उलटं केलं तरी पडत नाही." बाईंनी सोसायटीतल्या आणखी घरांची नावं सांगितली. सूसच्या दुकानदारानं तिसऱ्या दिवशी टेम्पो पाठवला. मी त्याला अर्धीच पोती दिली, बाकीची आधीच ठरली होती. थप्पी उतरत गेली आणि तिच्यामागची भिंत दिसायला लागली. अकराजणींनी येत्या हंगामाचं बियाणं एकत्रच आणायचं ठरवलं.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. सहाव्या दिवशी दुपारी दारात चार मोटरसायकली थांबल्या. ह्यांच्याच कंपनीतली माणसं, दोघंजण अजून कंपनीच्या शर्टात. मला वाटलं तांदळाला आली. ती ओटीच्या पायरीवर घोळका करून उभी राहिली, कुणी बसेना.

त्यातले नथूभाऊ, दुसऱ्या शिफ्टचे, म्हणाले, "नरहरी, आमालाबी बसवलंय. मागच्या म्हयन्यात. एकमेकांनाबी सांगितलं न्हाई. तुला टीव्हीवर बगितला, मग फोनाफोनी केली."

हे म्हणाले, "आत या. जेवा आधी."

मी ताटं घेतली, चूल मोठी केली. नथूभाऊ शर्टाच्या बटणाशी खेळत राहिले. "आरं, पन घरी अजून म्हाईत न्हाई. कसं सांगायचं?"

आमच्या ह्यांनी त्यांच्या ताटात भात वाढला, वर तूप सोडलं.

"उभं राहून सांग," हे म्हणाले. "पहिल्या वाक्याला आवाज बसतो. दुसऱ्याला येतो."